पांढऱ्यावर पांढरं

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. छाटणी हेच तिचं काम होतं आणि त्यात तिचा हात धरणारं त्या मजल्यावर दुसरं कोणी नव्हतं.

कंपनी लहानशी होती. तिथे चित्रं काढायची एक लायब्ररी तयार होत असे. पुस्तकांची नव्हे, बाकीच्या प्रोग्रामरांनी आपापल्या प्रोग्राममध्ये आयता बसवावा असा कोडचा संच. कोणाला आलेख काढायचा असो, कोणाला घराचा आराखडा, रेघ कशी ओढायची आणि रंग कसा भरायचा याची डोकेफोड त्यांनी करायची नाही, ती या संचाने करायची. संच फुकट मिळायचा. कंपनीचं पोट भरायचं ते मोठ्या गिऱ्हाइकांना त्यात हवे तसे फेरफार करून देण्यावर.

या संचाच्या लेखी प्रत्येक चित्र म्हणजे एक झाड होतं. कागद हे खोड, त्यावरची इमारत ही फांदी, इमारतीतली खोली ही डहाळी, आणि दार, खिडकी, जिन्याची एकेक रेघ ही पानं. माणसं चित्र काढताना हे झाड कसंही वाढवून ठेवतात. फांदीला फांदी, तिला आणखी फांदी आणि शेवटी जेमतेम एक पान. कुठे एकाच जागी एकावर एक दोन सारखी पानं, कुठे नुसताच वठलेला फाटा. असली झाडं संगणकाला जड जातात. म्हणून कात्रीने नियम लिहिले होते. झाडात अमुक आकार सापडला तर त्याचं तमुक कर, एवढंच प्रत्येक नियमाचं म्हणणं असे. गटात एकच वस्तू असेल तर गट काढून टाक आणि वस्तू वर घे. दोन रेघा तंतोतंत सारख्या असतील तर एक ठेव. असे नियम झाडावर सोडून दिले की ते आपापले फिरत राहत, आणि बदलण्यासारखं काही उरलं नाही की थांबत. मागे राही ते झाड नेटकं, हलकं असे आणि चित्र मात्र जसंच्या तसं दिसे. ते बघताना तिला विंचरलेल्या केसांतून हात फिरवल्यासारखं समाधान मिळायचं.

त्यातलाच एक नियम तिला एका सकाळी चहाचा कप विसळताना सुचला. वस्तूचा रंग आणि तिच्या खालचा रंग एकच असेल, तर ती वस्तू दिसत नाही. दिसत नसेल तर ती हवी कशाला? काढून टाक. तिने करून पाहिलं. लोकांच्या चित्रांत असा न दिसणारा केरकचरा इतका निघाला की चित्रं उघडायला लागणारा वेळ निम्म्यावर आला.

बैठकीत सगळे खूश झाले. एकटा तपासनीस खूश झाला नाही. नव्या कोडमध्ये खोट शोधायचं त्याचं कामच होतं आणि त्यापायी ऑफिसने त्याचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

"पांढऱ्यावर पांढरं कोणी मुद्दाम काढलं असेल तर?" त्याने विचारलं.

"तर त्याने आधी डोळे तपासून घ्यावेत," कात्री म्हणाली.

सगळे हसले. शंकासुरही हसला आणि त्याने शंका मागे घेतली. नियम नव्या आवृत्तीत गेला. त्या नियमाबद्दल परक्या लोकांनी तिचं कौतुक लिहिलं, कंपनीच्या प्रमुखांनी सगळ्यांदेखत तिचं नाव घेतलं, आणि ती ते विसरूनही गेली.

फोन आला तो दोन-अडीच महिन्यांनी. दुपारची वेळ होती. मदतीसाठी येणारे फोन घेणारा माणूस रजेवर होता म्हणून तो तिच्याकडे वळवला गेला. पलीकडे एक तरुण, जरा घाईघाईने बोलणारी मुलगी होती. तिने सांगितलं की त्यांचं केंद्र अंधांसाठी नकाशे बनवतं. हात फिरवून वाचायचे नकाशे. त्यांच्याकडे एक यंत्र आहे, ते जाड कागदाला खालून दाबून रेघा वर उठवतं. ज्यांना थोडंफार दिसतं त्यांच्यासाठी काही रेघा रंगीत छापलेल्या असतात. ज्या फक्त बोटांसाठी असतात त्यांना रंग दिला तर नकाशाची नुसती गिचमिड होते, म्हणून त्या पांढऱ्याच ठेवायच्या आणि त्यांना फक्त उंची द्यायची. ती या कामावर नवी होती. तिचं म्हणणं असं, की चित्र जतन करून पुन्हा उघडलं की या पांढऱ्या रेघा नाहीशा झालेल्या असतात.

कात्रीला पुढचं ऐकायची गरज राहिली नाही. उंची नावाचा गुण तिच्या संचाला ठाऊकच नव्हता. जे ठाऊक नाही ते संच मुकाट्याने वाहून नेत असे, पण नियम त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. नियम बघत होता रंग. पांढऱ्यावर पांढरं, म्हणजे केर.

"लक्षात आलं," ती म्हणाली. "दुरुस्त करून देते."

मुलीने आभार मानले. पण फोन ठेवला नाही. मग जरा हळू आवाजात तिने विचारलं, "हे आधीपासूनच होत असेल का हो? म्हणजे दोनेक महिन्यांपूर्वी? आमच्या एका नकाशातून पायऱ्या गेल्या होत्या. एक बाई पडल्या. तेव्हा सगळ्यांनी ती आमच्या माणसाची चूक धरली."

नवी आवृत्ती कधी बाहेर पडली हे कात्रीला पाठ होतं. समोरच्या भिंतीवर त्या दिवशीचा फोटोही होता. केक कापताना तीच मधोमध उभी होती.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

मुलगी बरं म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुरुस्ती चहा निवायच्या आत झाली. वस्तूला आपल्या ओळखीचा नसलेला कुठलाही गुण असेल, तर तिला हात लावायचा नाही, एवढी एकच अट घालायची होती. बदलांच्या यादीत तिने लिहिलं, "काही किरकोळ सुधारणा." शंकासुराने तो बदल तपासला, मंजूर केला आणि तिच्या टेबलाशी येऊन इतकंच म्हणाला, की म्हणजे काढणारं होतं तर कोणीतरी. ती हो म्हणाली. कोण, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

खरं म्हणजे तिथेच सगळं मिटलं होतं. नियम सुधारला होता, कोणी तक्रार करणारं नव्हतं. पण त्या दिवसापासून रस्त्यात कोणी काठी आपटत आलं की ती पलीकडच्या पदपथावर जायची. ऑफिसच्या जिन्यात शेवटच्या पायरीवर तिचा पाय आपोआप थबकायचा. ती बाई कुठे पडली असेल, किती पायऱ्या, काय मोडलं, हे विचारायला हवं होतं असं तिला रोज वाटायचं, आणि विचारलं नाही याचं बरंही वाटायचं. त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त लाज वाटे.

घरी तिची आई तिच्याकडेच राहायची. आईने जन्मभर शिवणकाम केलं होतं आणि आताही शेजारपाजारचे कपडे लहानमोठे करून द्यायची. एका संध्याकाळी मशीनवर बसल्या बसल्या आई खालच्या मजल्यावरच्या बाईबद्दल सांगत होती. कोणीतरी त्या बाईची कुंडी फोडली होती आणि एक शेजारीण उगाचच सगळ्यांना सांगत सुटली होती की मी तेव्हा घरी नव्हते. "खाई त्याला खवखवे," आई म्हणाली. कात्रीच्या हातातलं ताट सिंकमध्ये आपटलं. आईने मशीन थांबवलं, चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं.

"कुंडी तू फोडलीस का गं?"

ती हसली नाही. तेव्हा आईने पुन्हा मशीन चालू केलं आणि बाकी काही न विचारता म्हणाली, की जे काय असेल ते असेल, पण भांड्यांवर काढू नकोस, ती माझ्या लग्नातली आहेत.

नवऱ्याला तिने सांगितलं. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग समजावलं की संच फुकट आहे, वापरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वापरावा असं त्याच्यासोबत स्वच्छ लिहिलेलं आहे. शिवाय नकाशा छापण्याआधी तपासणं हे त्या केंद्राचं काम. शिवाय त्या बाईंच्या हातात काठी असणारच. "झाकली मूठ आहे, कशाला उघडतेस?" त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. त्या संध्याकाळी तिला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना तिच्या ध्यानात आलं, की त्याने उत्तर दिलं ते कोणाला भरपाई द्यावी लागेल का, या प्रश्नाचं. तो प्रश्न तिने विचारलाच नव्हता.

आणखी काही आठवडे तिने असेच काढले. मग एका शनिवारी ती केंद्रात गेली. आपण त्या संचावर काम करतो आणि इथलं काम बघायला आलोय, असं तिने सांगितलं. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

केंद्राच्या संचालिका साठीच्या, सडसडीत, भराभर चालणाऱ्या बाई होत्या. कोणी आपणहून काम बघायला येतंय म्हटल्यावर त्यांना आनंदच झाला. त्यांनी तिला यंत्र दाखवलं, एका नकाशावर तिची बोटं ठेवून डोळे मिटायला लावले. कात्रीला काहीच कळेना. सगळं नुसतं खरखरीत लागत होतं. संचालिका म्हणाल्या, सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं. मग त्यांनी तिचं बोट धरून एका बारीक रेघेवरून नेलं, तिच्या शेजारी दुसरी रेघ, तिच्या शेजारी तिसरी. "या पायऱ्या," त्या म्हणाल्या. कात्रीने हात मागे घेतला.

तिने विचारलं नव्हतं, तरी संचालिकांनीच सांगितलं. संगीत विद्यालयाच्या नव्या इमारतीचा नकाशा होता. पहिली प्रत तपासून झाली होती, बिनचूक होती. मग एका दाराचा क्रमांक चुकलाय असं विद्यालयाने कळवलं, म्हणून फाईल पुन्हा उघडून तेवढाच क्रमांक बदलला आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं म्हणून दुसऱ्यांदा तपासणी न करता नकाशा लावला. पियानोच्या दालनात उतरायच्या पायऱ्या त्यातून गेल्या होत्या. क्रमांक बदलताना धक्का लागून पुसल्या गेल्या असणार. ज्यांनी तो नकाशा केला ते गृहस्थ वीस वर्षं हेच काम करत होते. आता त्यांनी आपणहून रेखाटनाचं काम सोडलं होतं आणि कागदाच्या कोठारात बसत होते.

"मी म्हटलं त्यांना, राहू दे, होतं माणसाकडून. पण ते ऐकेनात," संचालिका म्हणाल्या. "आणि खरं सांगायचं तर मीही फार आग्रह धरला नाही."

कोठार इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. त्या गृहस्थांना तिथे सगळे नकाशेकाका म्हणत. पन्नाशी उलटलेले, बोटांना कागदाची भुकटी लागलेली, बोलायला मृदू. संचालिकांनी ओळख करून दिली तेव्हा ते उठून उभे राहिले. कात्री ज्या वाक्याची तयारी करून आली होती ते तिच्या जिभेवर आलं, पण तेवढ्यात काकांनी घड्याळ पाहिलं आणि दिलगिरीने म्हणाले की आज शनिवार, त्यांना एका बाईंकडे जायचं असतं, पियानोचे सूर लावायचं काम करतात त्या. कोण बाई हे सांगायची गरज नव्हती. कात्रीने विचारलं, मी सोडू का तुम्हाला, माझ्याकडे गाडी आहे.

गाडीत तेच बोलत होते. अलीकडे आपला आपल्या हातावर भरवसा राहिला नाही, ते म्हणाले. घराला कुलूप लावल्यावर अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन बघतात. बायको चिडते. परवा नातवाला कागदाची होडी करून दिली आणि मग ती हातात घेऊन बसले, घडी चुकली तर नाही ना म्हणून. हे सगळं त्यांनी स्वतःवर हसत सांगितलं. कात्री समोर रस्त्याकडे बघत होती. एका सिग्नलला हिरवा लागला तरी ती हलली नाही आणि मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

पियानोवाल्या बाईंना सगळे सूरताई म्हणत. त्यांचं घर तळमजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. एका खोलीत उघडून ठेवलेला पियानो आणि त्याच्या अंगावर फडक्यात गुंडाळलेली हत्यारं. सूरताई चाळिशीच्या पुढच्या, उंच, रुंद खांद्यांच्या होत्या. डाव्या मनगटावरचं प्लॅस्टर निघालं होतं पण पट्टा होता, आणि हात जरा तिरकाच धरलेला होता. पाहुणी आणलीय असं काकांनी सांगताच त्यांनी कॉफीचे तीन कप काढले, आणि कोणाला मदत करू न देता एका हातानेच कॉफी केली.

मग काकांनी विचारलं, मनगट कसं आहे. सूरताई म्हणाल्या, वळतं, पण जोर येत नाही. सुरांची किल्ली जोराने आणि तसूभरच फिरवावी लागते, तेवढं अजून जमत नाही. काका मान खाली घालून म्हणाले की माझ्या हाताचा धक्का लागला नसता तर. त्यावर सूरताई लगेच म्हणाल्या, अहो काका, काठी मी दुमडून पिशवीत टाकली होती; एका हातात हत्यारांची पेटी, दुसरा हात भिंतीला, आणि पुढे सरळ वाट आहे म्हणून पळत सुटले; काठी असते कशाला मग? काका म्हणाले, नाही, पण नकाशावर विसंबूनच ना. सूरताई म्हणाल्या, नकाशावर विसंबायचं आणि पायावर नाही, हा शहाणपणा माझाच.

कात्रीला कळलं की हे संभाषण दर शनिवारी होतं. दोघांनाही ते पाठ होतं. दोघंही एकच ओझं आपल्या पाठीवर ओढून घेत होते आणि दुसऱ्याला हलकं करायला बघत होते. ते ओझं मुळात दोघांचंही नव्हतं. ज्या बाईचं होतं ती कॉफी पीत बसली होती.

तिने कप खाली ठेवला.

"काका, तुमचा धक्का लागला नव्हता," ती म्हणाली. "पायऱ्या माझ्या नियमाने पुसल्या."

मग तिने सगळं सांगितलं. झाड, फांद्या, पानं, नियम कसे फिरतात, दिसत नाही ते काढून टाक असं आपण कसं लिहिलं. काकांनी क्रमांक बदलून फाईल जतन केली त्या क्षणी पायऱ्या गेल्या, कारण मधल्या काळात त्यांच्या प्रोग्राममध्ये नवी आवृत्ती येऊन बसली होती. सांगताना तिचा आवाज ऑफिसात समजावून देताना असतो तसाच सरळ राहिला आणि त्याचंच तिला भय वाटलं.

सूरताईंनी मधे एकदाच विचारलं, "दिसत नाही म्हणजे कोणाला?"

बैठकीत आपण काय बोललो होतो आणि सगळे कसे हसले होते ते कात्रीला आठवलं, आणि तेही तिने सांगून टाकलं. सूरताईंच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला, पण तो हसण्याचा नव्हता.

काका आपले दोन्ही पंजे उलटेसुलटे करून बघत होते, जसे काही ते कोणीतरी नुकतेच परत आणून दिले होते. मग त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते बाहीने पुसले. कात्रीला वाटलं, सगळ्यात कठीण होतं ते झालं. तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमच्याकडच्या मुलीने फोन केला तेव्हा."

"फोनवरच कळलं?"

"हो. फोनवरच."

काकांनी मान हलवली. "तो प्रश्न माझा होता," ते म्हणाले. "आधीपासून होत असेल का, हे विचार असं मीच तिला सांगितलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिने फोनचा आवाज मोठा केला होता, मला ऐकू यावं म्हणून."

ते उठले. सूरताईंना म्हणाले, येतो, पुढच्या शनिवारी येईन. कात्रीकडे बघून ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नियमाचं काही नाही. नियम लिहिताना चुकतं. तुम्ही 'सांगता येत नाही' म्हणालात, त्या संध्याकाळी मी राजीनामा लिहिला रेखाटनाचा." तिने सोडते म्हटलं तर त्यांनी हात जोडले आणि चालत निघून गेले. दार लावून घ्यायला मात्र ते विसरले नाहीत. बाहेरून ओढून, लागलंय का ते त्यांनी एकदाच पाहिलं.

कात्री रडायला लागली. सूरताईंनी तिला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काठी मी दुमडली होती ते खरंच आहे. तेवढं माझ्याकडे राहू द्या. सगळं एकटीने उचलून न्यायला बघू नका, त्यातही एक तोरा असतो." आणि ती निघाली तेव्हा दारात म्हणाल्या, "हलकं व्हायला परत येऊ नका. कामाला आलात तर या."

सोमवारी तिने प्रमुखांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. आधी ते म्हणाले, आता वकिलाला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नकोस. ती म्हणाली की मी लिहून ठेवलंय, फक्त तुम्हाला सांगायच्या आधी बाहेर जाऊ नये म्हणून थांबलेय. शंकासुर तिथेच उभा होता. त्याने हळूच सांगितलं की तपासणीवर माझी सही आहे, मलाही त्यात घाला. तिने त्याला घातलं नाही. शंका त्यानेच काढली होती, हे मात्र लिहिलं. काय बिघडलं, कोणत्या आवृत्तीपासून, कोणाच्या नियमाने, आणि कळल्यावरही आपण ते का लपवलं, हे सगळं तिच्या नावानिशी संच वापरणाऱ्या प्रत्येकापर्यंत गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. आणखी काही ठिकाणांहून कळवलं गेलं की त्यांच्याही नकाशांतून रेघा गेल्यात; एका संग्रहालयाला बरेच नकाशे पुन्हा करावे लागले. एका मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं. कोणी तिला शिव्या दिल्या, कोणी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. शिव्या ती नीट वाचायची, कौतुक तिला वाचवत नसे. नवरा तिच्यावर थोडे दिवस रुसला होता. मग एकदा जेवताना म्हणाला की मी तुला चुकीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या पानात वाढलं, एवढंच.

पांढऱ्याचा नियम तिने पुरता काढून टाकला. अट घातली होती तेवढी पुरेशी होती, तसं शंकासुराने सांगितलंही. पण तिला तो नियम समोर नको होता. चित्रं पुन्हा हळू उघडू लागली, लोक कुरकुरले.

संचालिकांनी काकांना स्वतः जाऊन परत रेखाटनावर बसवलं. नव्या मुलीला त्यांच्या हाताखाली दिलं. कात्री दर शनिवारी केंद्रात जाऊ लागली. प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी त्यांच्या नकाशांवर चालवून बघायची, ते छापून घ्यायची आणि सूरताई किंवा आणखी कोणी ते बोटांनी तपासायचं. सूरताईंचं मनगट बरंच सुधारलं, पूर्ण नाही. मोठे पियानो आता त्या घेत नाहीत. हे त्या कोणी विचारलं तर सांगतात, नाहीतर सांगत नाहीत. काका एकाच खोलीत असले तरी कात्रीशी बोलत नसत. ती आत आली की नमस्कार करत आणि कामाला लागत. तिला ते रागावून बोलले असते तर बरं वाटलं असतं. तसं तिने एकदा संचालिकांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, तुला बरं वाटावं म्हणून त्यांनी रागवायचं का?

पुढच्या वर्षी ऑफिसच्या इमारतीच्या मालकांनी दर्शनी दालनात हाताने वाचायचा नकाशा लावायचं ठरवलं. प्रमुखांनी शब्द टाकला होता. मोजमापं घ्यायला काका आले. त्यांच्याबरोबर यायची ती मुलगी आजारी होती आणि पहारेकऱ्याला जागा सोडता येत नव्हती. काका टेप घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते, दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. कात्री वरून उतरत होती. ती शेवटच्या पायरीवर थांबली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग टेपचं टोक पुढे केलं.

सबंध दुपार ते मोजत होते. पायरीची उंची, रुंदी, कठडा, वळण, दाराची चौकट. ती टोक धरायची, ते आकडा म्हणायचे, ती तोच आकडा परत म्हणायची, मग ते लिहायचे. आकड्यांशिवाय दोघांत एक शब्द झाला नाही. एकदा तिचं बोट कठड्याच्या खाली सरकलं आणि माप चुकलं. तिने ते लगेच सांगितलं, आणि काकांनी खोडून पुन्हा घेतलं.

संध्याकाळी त्यांनी टेप गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेले.

"वरचा मजला उद्या," ते म्हणाले. "तुम्हाला वेळ असेल तर."

"आहे," ती म्हणाली.